बॉनेटपलीकडचा वारा

"…मग बाबा, राग गेला म्हणजे माणूस पोचला, असं समजायचं का?"

"कोनाचा राग?"

"माझा."

"गेला?"

"गेला. तीन वर्षं होत आली. कोणी काहीही बोललं तरी आत काही हलत नाही."

"बरं झालं," मागच्या सीटवरून नथ्थूबाबा म्हणाले. "कुठी गेला?"

सुधाकर काळमेघ स्टिअरिंगवर हात ठेवून हसला. बाबा असे प्रश्न टाकतात आणि त्यांना उत्तर द्यायचं नसतं, एवढं तो आता शिकला होता. त्यानं मान वळवून हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. शिष्यानं निरुत्तर व्हावं तर असं, अशी त्याला मनातून थोडी ऐटही वाटली.

बाबा काचेतून बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होते.

गाडी सुधाकरच्या आर्वीतल्या घराच्या अंगणात उभी होती. मे महिन्याची दुपार, ऊन नुसतं मी म्हणत होतं. इंजिन चालू, एसी पूर्ण, काचा वर आणि बॉनेट उघडं. बॉनेटच्या पलीकडे सुधाकरची बायको वनमाला उभी होती. आतून ती दिसत नव्हती, कारण पुढच्या काचेतून बॉनेटचा पत्राच तेवढा दिसत होता.

गाडीच्या एसीत गॅस भरायचं काम चाललं होतं.

तसं हे काम गॅरेजचं. पण मे महिन्यात आपल्या भागातला गॅरेजवाला म्हणजे लग्नसराईतला भटजी, तो कोणाला दारात उभं करत नाही. शिवाय बाबांसाठी करायचं ते आपल्याच हातानं करावं, असं सुधाकरनं ठरवलं होतं. कॉलेजच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक म्हणून जन्म गेलेला, नुकताच निवृत्त झालेला माणूस. हाताला सवय होती. गळती कुठं आहे ते त्यानं साबणाच्या पाण्यानं आधीच शोधून काढलं होतं आणि झिजलेली रबरी रिंग बदलली होती. आता कमी झालेला तेवढा गॅस भरायचा, म्हणून गॅसचा डबा आणि दाब दाखवणारा काटा बसवलेली नळी नागपूरहून मागवली होती. बाबा जेवायला येणार, जेवण झालं की त्यांना गारेगार गाडीतून नदीकाठच्या मठात सोडायचं, असा बेत होता.

बेत एवढाच नव्हता. डिक्कीत सुधाकरची बॅग भरून ठेवलेली होती. बाबांना सोडायला जायचं आणि परत यायचंच नाही. मठात कायमचं राहायचं. बाबांनी फक्त 'ये' म्हणायला हवं होतं, आणि आज काही झालं तरी विचारायचं, हे त्यानं पक्कं केलं होतं.

वनमालाला सांगितलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेलेली, घरात दोघंच. सांगायचं म्हटलं की प्रश्न येणार, प्रश्न आले की बोलणं वाढणार. बाबांनी 'ये' म्हटल्यावर मग बोलायला उरतंच काय, असा त्याचा हिशेब.

त्यानं काच बोटभर खाली केली.

"काटा कुठं आहे?"

"हिरव्या पट्ट्याच्या खालीच हाये!" पलीकडून आवाज आला.

"ओरडू नकोस, वनमाला. शांतपणे सांग."

"शांत सांगू तं तुमाले ऐकू येते का? पंखा पहा ना कसा बोंबलून राह्यला!"

सुधाकरनं काच वर केली आणि मागं वळून मंद हसला.

"पाहिलंत बाबा? पूर्वी एवढ्यावरून मी ताट भिरकावलं असतं."

"भिरकावत होता का?"

"होतो. एकदा तर वरणाचं पातेलं…" त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या. "पण ते सगळं आता गेलं. आपली कृपा."

बाबांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की कृपेला नको म्हणून, ते काही कळलं नाही.

खरं तर त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे सुधाकरचं मौन. आधी नुसता गुरुवार होता. मग सोमवार आला, मग एकादशी. मौनाच्या दिवशी तो गळ्यात लहानशी पाटी अडकवून ओसरीवर बसायचा. दूधवाला आला की पाटी दाखवायची, नळाला पाणी का नाही म्हणून शेजारी विचारायला आले की पाटी दाखवायची. दर वेळी नवीन काही लिहायचीही गरज पडत नव्हती. पाटीवर एकच वाक्य कायमचं लिहून ठेवलं होतं. 'वनमालेशी बोला.'

दुपारी गावाकडून थोरल्या भावाचा, महादेवभाऊंचा फोन यायचा. वडिलांच्या शेताची वाटणी झाली, पण मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघा भावांचं बिनसलं ते बिनसलंच. पूर्वी त्या फोनवर सुधाकरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि रात्रीचं जेवणही जायचं नाही. आता फोन वनमाला घेते. भाऊ जे काही सुधाकरला बोलायचे, ते सगळं ती ऐकून घेते, वर 'हाव भाऊ, हाव भाऊ' म्हणते. तेव्हा सुधाकर खाटेवर डोळे मिटून बसलेला असतो, आणि आपल्याला काहीसुद्धा होत नाही, हे पाहून त्याला फार बरं वाटतं.

आता मौनात गुरूशी बोललेलं बोलण्यात धरायचं नाही, हा नियम त्यानं स्वतःच करून घेतला होता. आजचं गाडीचं काम गुरूसाठी, तेव्हा त्यापुरतं बायकोशी बोललं तरी चालतं, हा दुसरा नियम त्यानं सकाळीच केला. नियम करणारे आपणच असलो, की ते मोठे समजूतदार निघतात.

"बाबा, जरा इथं हात धरून बघा."

बाबांनी दोन सीटांमधून हात पुढं करून एसीच्या जाळीसमोर धरला.

"गार हाये बापा."

"अजून होईल." सुधाकरनं लॅबमधला जुना थर्मामीटर जाळीत खोचून ठेवला होता. तो वाकून पारा पाहू लागला. "वनमाला! डबा उभाच धर! आणि हलवत राहा!"

"हलवूनच राह्यली ना मी!"

"गॉगल आहे ना डोळ्यांवर?"

"हाये!"

गॉगल, बागेतले हातमोजे, सगळं त्यानं तिला आठवणीनं घालायला लावलं होतं. मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओत तसं सांगितलं होतं. काळजी त्याला होतीच, नव्हती असं कोणी म्हणू नये. सकाळपासून पुरण वाटून, पोळ्या लाटून, वाढून ती जरा टेकणार होती, तेवढ्यात त्यानं हाक मारली आणि ती तशीच तोंडाला ओढणी गुंडाळून अंगणात आली.

"काटा?"

"आला हिरव्यात!"

"वा!"

सुधाकरनं सीटवर मान टेकली. गार वारा गळ्यावरून शर्टात शिरत होता. पोटात पुरणपोळी, मागं गुरू, डिक्कीत बॅग. त्याला समाधान वाटलं, आणि ते खरं होतं, त्यात खोटं काही नव्हतं. आता विचारायला हरकत नव्हती.

"बाबा… एक विचारायचं होतं."

"इचार ना."

"फार दिवस मनात आहे. मला आता… म्हणजे आपण जर…"

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. गरम हवेचा लोट आत आला आणि दार पुन्हा लागलं. सुधाकरनं वळून पाहिलं तर सीट रिकामी होती.

बाबा अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून, तापल्या फरशीवरून पुढं चालले होते. बॉनेटच्या पत्र्याआड गेले आणि दिसेनासे झाले. नुसते आवाज तेवढे येत होते.

"अगं बाई, बाबा! तुमी कायले आले जी इकडे? पोळून जाल ना!"

"आन तो डबा."

"नाही जी बाबा, मी धरते ना…"

"आन म्हनतो ना, पोरी. तू बस आत जाऊन."

"मी?"

"मंग कोन? जाय."

मग वनमाला गाडीच्या बाजूनं येताना दिसली. डोक्याला आणि तोंडाला ओढणी, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. मागच्या दाराशी येऊन ती घुटमळली.

"बाबा म्हनते, आत बस."

"मग बस," सुधाकर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ती कडेला अंग चोरून बसली. बाबांच्या जागेवर बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. मग तिनं मोजे काढले, गॉगल कपाळावर सरकवला, ओढणी सोडली. सुधाकरनं आरशातून पाहिलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, केस कपाळाला चिकटले होते. चुलीसमोर दिवसभर बसून उठावं तसा. काहीतरी बोलायला हवं, असं त्याला वाटलं, पण हे बोलणं गाडीच्या कामात बसेना.

गुरू उन्हात आणि शिष्य एसीत, हे तर मुळीच बरं दिसत नव्हतं. तो खाली उतरला.

बॉनेटच्या पुढं येऊन तो वाकला, आणि इंजिनावरचा गरम वारा फाडकन त्याच्या तोंडावर आला. डोळे मिटले गेले. अंगणातलं ऊन बरं म्हणायची पाळी आली.

"बाबा, द्या तो डबा इकडे. तुम्ही आत बसा."

बाबांनी डबा दिला नाही. उभा धरून, हळूहळू हलवत ते वाकून आतल्या पंख्याकडे पाहत होते.

"हा वारा कुठून येते रे?"

"पंख्याचा आहे, बाबा."

"पंख्याचा वारा असा कढत?"

"तसं नाही बाबा," सुधाकर म्हणाला, आणि त्याच्यातला लॅबवाला जागा झाला. आवाजही कॉलेजातल्यासारखा लागला. "लोकांना वाटतं, एसी गारवा तयार करतो. गारवा असा तयार होतच नसतो. आतली उष्णता उचलायची आणि इथं बाहेर आणून टाकायची, एवढंच हे यंत्र करतं. ती नाहीशी होत नाही. म्हणजे आत जेवढं गार, तेवढं इथं…"

तो थांबला.

पंखा घरघरत होता. बाबांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब डब्यावर पडला.

"तेवढं इथं?" बाबांनी विचारलं.

"…तेवढं इथं गरम."

"हां."

बाबांनी डबा त्याच्या हातात दिला, उपरण्यानं तोंड पुसलं आणि कडुनिंबाखालच्या दगडावर जाऊन बसले. जसं काही झालंच नाही.

सुधाकर डबा धरून उभा राहिला. डबा गारठला होता, बोटं बधिर व्हायला लागली आणि तोंड मात्र भाजत होतं. त्यानं तोंड बाजूला वळवून पाहिलं, तर काटा दिसेना. काटा पाहायचा तर तोंड वाऱ्यातच धरावं लागत होतं. पंख्याच्या आवाजात त्याला स्वतःचं बोलणंही धड ऐकू आलं नसतं. आणि आपण आतून हिला म्हणालो, ओरडू नकोस म्हणून.

त्याला लाज वाटली. चांगली कानशिलं गरम होईपर्यंत लाज वाटली, आणि कानशिलं वाऱ्यानं तापली असं म्हणायची सोय नव्हती.

मग दुसरी धास्ती आली. बाबा नाही म्हणून तर बसले नाहीत? विचारायच्या आधीच?

मागच्या दाराची काच खाली झाली.

"अवो."

"काय?"

"तुमच्या बॅगेत बीपीच्या गोळ्या नव्हत्या. मी टाकल्या. अन् तुमचा तो मऊ पंचा."

सुधाकरच्या हातातला डबा हलायचा थांबला.

"तुला… तुला कसं कळलं?"

"नळी डिक्कीत हाये, काढून आन, असं सकाळी तुमीच तं सांगितलं."

सांगितलं होतं खरं. जन्मभर लॅबमध्ये शिपायांकडून वस्तू मागवून घ्यायची सवय. लपवायची बॅग आणि मागवायची नळी एकाच डिक्कीत ठेवणारा शहाणा सगळ्या आर्वीत दुसरा निघाला नसता.

"मग बोलली नाहीस काही?"

"आज गुरवार ना तुमचा."

काच पुन्हा वर गेली.

सुधाकर बॉनेटआड उभा होता, म्हणून बरं. कोणाला तोंड दाखवावं असं त्याला त्या क्षणी वाटत नव्हतं. ती चिडली असती, रडली असती, तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं. गोळ्यांना त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

हाताच्या अंतरावर, ओसरीच्या कठड्यावर वनमालाचा फोन वाजला.

सुधाकरनं गाडीकडे पाहिलं. दार उघडलं नाही. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा कडुनिंबाच्या काडीनं दात कोरत होते. फोन वाजून बंद झाला आणि लगेच दुसऱ्यांदा वाजू लागला. वेळ पाहता तो कोणाचा असणार, हे सांगायला नको होतं.

त्यानं डबा एका हातात उभा धरला, दुसरा हात लांब करून कठड्यावरचा फोन उचलला आणि खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"हॅलो."

"कोन?… सुधाकर?"

"हाव, भाऊ."

"वनमाला कुठी हाये?"

"थे आराम करून राह्यली. तुमी माह्याशी बोला."

मठात जायला लागल्यापासून सुधाकरनं आपली बोली सोडली होती. पोथीतल्यासारखं बोलायचा. आता ती आपणहून तोंडात आली आणि त्याला कळलंही नाही.

महादेवभाऊंना तोंड फुटायला फार वेळ लागला नाही. धुरा, धुऱ्यावरचं बोराचं झाड, वडिलांनी काय म्हटलं होतं, कोण कुठं शिकला आणि कोण कुठं राबला. एकामागून एक निघत गेलं. सुधाकर ऐकत होता. तोंडावर इंजिनाचा वारा, कानात भाऊ. आणि मग त्याच्या पोटातून तो आला. तोच, जुना, ओळखीचा. तीन वर्षं कुठं होता कोण जाणे, पण एवढाही वाळला नव्हता. नाकपुड्या फुगल्या, मान ताठ झाली.

"भाऊ, ऐकून तं घ्या!" तो एकदम ओरडला.

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

पलीकडचे भाऊही जरा थबकले. बहुधा त्यांनाही बरंच वाटलं असावं. 'हाव भाऊ, हाव भाऊ' म्हणणाऱ्या भावजयीशी भांडून भांडून त्या माणसाचंही तोंड कडू झालं असणार. ते पुन्हा बोलायला लागले, पण आवाज खाली आला होता. सुधाकरचाही आला.

"बरं… बरं भाऊ… नाही, तिले कायले बोलता? भांडन माह्यासंग हाये ना?… मी येतो रविवारी. हाव, मीच. धुऱ्यावर उभं राहून बोलू… बोरं? आता मे महिन्यात कुठची बोरं?… बरं, ठेवतो."

त्यानं फोन खिशात टाकला. शर्ट पाठीला चिकटला होता. गंमत म्हणजे वाईट असं काही वाटत नव्हतं. मोठं ओझं चढावरून आणून टेकवावं आणि कमरेवर हात ठेवून उभं राहावं, तसं वाटत होतं.

काटा हिरव्याच्या मधोमध आला होता. त्यानं डब्याची चावी बंद केली, नळी सोडवली, पाइपाच्या तोंडावर टोपण घट्ट बसवलं. मग बॉनेट खाली आणलं, आणि नेहमीसारखं आदळून न लावता दोन्ही हातांनी दाबून लावलं.

समोर गाडीची काच होती.

मागच्या सीटवर वनमाला झोपली होती. आता अंग चोरून बसली नव्हती, चांगली मधोमध सैलावली होती. मान खिडकीकडे कललेली, तोंड थोडं उघडं, गॉगल तसाच कपाळावर. चेहऱ्याची लाली उतरली होती. गार वाऱ्यानं तिच्या कपाळावरचे केस हलत होते.

सुधाकर बराच वेळ पाहत उभा राहिला. दुपारचं झोपलेलं त्यानं तिला कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. मुलगी पाळण्यात होती तेव्हा असेल.

कडुनिंबाखालून बाबा उठून आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले. तेही काचेतून पाहू लागले.

"गॅस भरून झाला, बाबा."

"झाला ना? चांगलं केलं."

"मंग निघाचं?" सुधाकरनं विचारलं.

"हं."

"अन् बाबा, थे इचाराचं राहूनच गेलं. मी मठात…"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग इंजिन बंद करावं, तिला उठवावं, सगळं तिच्यादेखतच विचारावं, असं सुधाकरच्या मनात आलं. त्यानं दाराच्या मुठीला हात घातला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे चालू," ते हळूच म्हणाले. "लेकीले झोप लागली."